चूक टांगून ठेवणाऱ्या खोत मॅडम

प्रा. मेहरुन्निसा खोत यांची नि माझी पहिली भेट एका दगडामुळे झाली. तो दगड मी त्यांची खोडी काढायला नेला होता, हे आता साठीच्या गौरवग्रंथात छापलं गेलं तरी त्या रागावणार नाहीत, याची मला खात्री आहे.

मी कर्जतच्या कॉलेजात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला होते. मॅडमनी तासाला सांगितलं की प्रत्येक जिवंत पेशीत डी.एन.ए. असतं. मी उभी राहून विचारलं, "सगळीकडे असतं म्हणता, मग दिसत का नाही?" त्या म्हणाल्या, "उद्या घरून काहीतरी जिवंत आणा. निदान कालपर्यंत जिवंत असलेलं. दाखवते." दुसऱ्या दिवशी कुणी केळं आणलं, कुणी कांदा, कुणी पेरायला ठेवलेलं मूठभर भात. मी आमच्या गावच्या, कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या ओढ्यातला एक दगड नेला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दगड उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि जवळून पाहिलं. खालच्या बाजूला हिरवट, ओलसर थर होता. "अगं, ही तर सगळ्यांत शहाणी निघाली," त्या म्हणाल्या, "हिनं अख्खं रान आणलंय."

मग ते शेवाळ खरवडून खलबत्त्यात घातलं. मीठ घातलं, भांडी घासायच्या साबणाचं पाणी घातलं, जुन्या सुती पदराच्या तुकड्यातून गाळलं आणि वरून थंडगार स्पिरिट नळीच्या कडेकडेनं हळूच सोडलं. केळंवाल्यांच्या नळीत पांढऱ्या धाग्यांचा गुंता तरंगून वर आला. माझ्या नळीत धुक्यासारखं काहीतरी. मी हिरमुसले. मॅडम म्हणाल्या, "तुझं कमी आलंय, पण यात किती जणांचं आहे कोण जाणे. केळ्यात एकट्या केळ्याचं. आणि हे बघा, हे काही निव्वळ डी.एन.ए. नाही. त्यात प्रथिनं अडकलीत, आर.एन.ए.चे तुकडे असतील. पण पहिल्या भेटीला एवढं चालतं." एवढा प्रामाणिक खुलासा करणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे शिक्षक म्हणजे जे दाखवलं ते संपूर्ण सत्य, असाच रिवाज.

मॅडमचं घराणं मूळ मुरुडकडचं. आजोबा सुक्या मासळीच्या व्यापारासाठी खालापुरात आले आणि इथलेच झाले. लग्नानंतर मॅडम मोहोपाड्याच्या कंपनी कॉलनीत राहायला गेल्या. काही वर्षं त्यांनी तिथल्याच रसायनी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माल तपासायचं काम केलं. तिथं पगार बरा होता. ते सोडून त्या आमच्या कॉलेजात आल्या, कारण, त्यांच्याच शब्दांत, "तिथं रोज तेच उत्तर यावं लागायचं. वेगळं आलं की सगळे घाबरायचे." मोहोपाड्याहून चौक गावावरून स्कूटरनं त्या कर्जतला यायच्या. हेल्मेटखाली रुमाल, डिकीत डबा आणि डब्याशेजारी कायम काहीतरी विचित्र: मधाचं पोळं, उंदराचं सुकलेलं शेपूट, फुटलेलं सुगरणीचं घरटं.

त्यांच्या शिकवण्याचं मर्म एका वाक्यात सांगायचं तर, त्या पेशीचं बोलता बोलता आपल्या ताटापर्यंत यायच्या. न्यूक्लिओटाइड म्हणजे तीन गोष्टींची जोडणी: एक साखर, एक फॉस्फेट आणि एक नायट्रोजनयुक्त बेस. हे कुठल्याही पुस्तकात आहे. मॅडमनी ते सांगितलं, फळ्यावर काढलं आणि मग विचारलं, "सुकट आमटीत टाकली की चव का येते?" वर्गात अर्धी पोरं सुकटीवर वाढलेली आणि उरलेली अर्धी तिच्या वासानं नाक मुरडणारी. कुणालाच सांगता आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मासा जिवंत असताना त्याच्या अंगात ए.टी.पी. असतं. तेही न्यूक्लिओटाइडच. मासा मेला की ते मोडत जातं आणि मोडता मोडता वाटेत एक असं न्यूक्लिओटाइड तयार होतं जे जिभेला आवडतं. माझ्या आजोबांनी जन्मभर जे विकलं ना, त्यातला चवीचा एक भाग म्हणजे हे मोडकं ए.टी.पी." त्या दिवशी घरी जाऊन मी आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "बरं. मग आता कोकम घाल त्यात."

एकदा त्या आम्हाला घेऊन कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत चढल्या. निमित्त शेवाळ आणि दगडफूल गोळा करायचं. अर्ध्या वाटेवर सगळ्यांनाच दम लागला. मॅडम एका खडकावर टेकल्या, पदरानं वारा घेतला आणि तिथंच तास सुरू. "पायाला गोळे आलेत ना? हेच ए.टी.पी. खर्च होतंय. आता गंमत ऐका. ज्या 'ए' अक्षरानं डी.एन.ए.त मजकूर लिहिला जातो, त्याचाच भाऊ इथं जळणासारखा वापरला जातोय. एकाच घाण्यातला माल. घर बांधायलाही तोच आणि चुलीत घालायलाही तोच." मी विचारलं, "मग निसर्गानं दुसरं काही का नाही घेतलं?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही गं. बहुतेक जे हाताशी होतं तेच घेतलं असेल. आपण नाही का, उरलेल्या भाकरीचा कुस्करा करत?" "माहीत नाही" हे शब्द त्या इतक्या सहज म्हणायच्या की आम्हालाही ते म्हणायची लाज वाटेनाशी झाली.

आणि तो वऱ्हांड्यातला तास! डी.एन.ए.च्या दोन साखळ्या एकमेकींना कशा धरतात ते शिकवायचं होतं. मॅडमनी वर्ग वऱ्हांड्यात काढला आणि समोरासमोर दोन रांगा केल्या. प्रत्येकाच्या छातीवर कागद: ए, टी, जी किंवा सी. ए समोर टी असेल तर दोन्ही हात धरायचे, कारण त्यांच्यात दोन बंध. जी समोर सी असेल तर बंध तीन. तिसरा हात आणायचा कुठून? मॅडम म्हणाल्या, "पाय लावा!" मग जी आणि सी यांनी दोन्ही हात धरून एकेक पायही एकमेकांच्या पायाला टेकवायचा. "आता एका टोकापासून ओढा!" मॅडम ओरडल्या. ए-टीच्या जोड्या पटापट सुटल्या, जी-सीवाले पाय घट्ट रोवून उभे. "बघितलंत? पेशीला साखळी उघडायची असते तेव्हा ती बहुतेक वेळा ए-टी जिथं जास्त, तिथून सुरुवात करते." इतक्यात इतिहासाचे सर आले आणि हा काय तमाशा चाललाय म्हणून प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यही आले, पण लंगडत. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला वातरक्त झालं होतं. मॅडमनी त्यांना तिथंच सांगितलं, "सर, तुमच्या अंगठ्यातसुद्धा हाच विषय आहे. यातलेच दोन बेस मोडले की शेवटी युरिक ॲसिड होतं. रविवारची कलेजी कमी करा." प्राचार्य तक्रार ऐकायला आले होते, ते पथ्य लिहून घेऊन गेले.

आता मी मूळ गोष्टीकडे येते. माझ्या आयुष्याचं जे काही बरंवाईट झालं, ते त्या गोष्टीमुळे झालं.

आमच्या कॉलेजात तेव्हा जीवरसायनशास्त्र हा विषय दुसऱ्या वर्षापर्यंतच होता. तिसऱ्या वर्षाला, म्हणजे जिथं पदवी मिळते त्या वर्षाला, तो घ्यायचा तर कल्याणला किंवा पनवेलला जावं लागे. मुलगे जात. मुलींपैकी बहुतेकींचं शिक्षण दुसऱ्या वर्षाला थांबायचं किंवा त्यांना मिळेल तो विषय घ्यावा लागे. मॅडम बरीच वर्षं विद्यापीठाकडे खेटे घालत होत्या, तिसरं वर्ष इथं सुरू करू द्या म्हणून. मी दुसऱ्या वर्षाला असताना अखेर कळलं की तीन जणांची समिती पाहणीला येणार आहे. ती हो म्हणाली तर वर्ग सुरू होईल.

माझे बाबा शेतकरी. भातशेती आणि पावसाळ्यानंतर साजगावच्या एका कारखान्यात हंगामी काम. ते वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन एक दिवस कॉलेजात आले आणि मॅडमसमोर उभे राहिले.

"बाई, ही पोर शिकून करनार काय?"

मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "दादा, नोकरी लागेलच असं मी सांगणार नाही. खोटं बोलल्यासारखं होईल. पण हिला प्रश्न पडतात. ते सोडवायला हिला जागा पाहिजे."

"परश्न तं घरात बी लई इचारती," बाबा म्हणाले. "पन म्यां सांगतो तुमाला. तिसरं वरीस कर्जतला असंल तं शिकूं दे. कल्यानला मी नाय धाडनार. लास्टची यष्टी गेली तं पोर ऱ्हायची कुटं? दिवस बुडायच्या आत ती घरात पायजे."

मला भयंकर राग आला. बाबांचा, एस.टी.चा, कल्याणचा आणि सूर्याचासुद्धा. मी रडले. मॅडम मात्र बाबांना म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नंतर त्या मला म्हणाल्या, "तुझ्या बापाला भांडण नकोय, त्याला मुलगी सुखरूप घरी पाहिजे. ते मला देता आलं पाहिजे." तेव्हापासून माझं पुढचं शिक्षण त्या समितीच्या हो-नाहीवर टांगलेलं होतं, आणि ते त्यांना आणि मला दोघींनाही ठाऊक होतं.

समितीला दाखवण्यासारखं आमच्याकडे फार काही नव्हतं. दोन सूक्ष्मदर्शक आणि मोहोपाड्याहून मॅडमच्या यजमानांनी ओळखीवर मागून टेंपोत घालून आणलेलं एक जुनं यंत्र, ज्यात नळ्या गरगर फिरवतात. मॅडम म्हणाल्या, आपण एक डी.एन.ए. बनवू. छतापासून जमिनीपर्यंत.

आम्ही कोंडाण्याहून बांबू आणला आणि त्याचे पेरभर तुकडे केले. दोन जाड दोर घेतले. दोर म्हणजे साखर आणि फॉस्फेटच्या साखळ्या, बांबूचे तुकडे म्हणजे बेसच्या जोड्या. चार रंग लावले. ए-टीच्या मध्ये दोन सुतळ्या, जी-सीच्या मध्ये तीन. दोन्ही साखळ्या विरुद्ध दिशेनं धावतात म्हणून एका दोरावर बाण वर, दुसऱ्यावर खाली. शिडी तयार झाली. मॅडम टेबलावर स्टूल ठेवून वर चढल्या आणि शिडीचं वरचं टोक छताच्या हुकाला बांधलं. आम्ही मुली खाली जमिनीवर बसून वर बघत होतो. मॅडम वरून म्हणाल्या, "आता खालचं टोक घड्याळाच्या काट्यासारखं फिरवा." आम्ही फिरवलं. दहा जोड्यांना एक वेढा बसेपर्यंत फिरवलं. पीळ सुटू नये म्हणून रसायनीहून आणलेलं कारखान्यातलं राळेसारखं द्रावण दोरांना चोपडलं. दोन दिवसांत सगळं दगडासारखं टणक झालं. इतकं सुंदर दिसत होतं की शिपाईमामा येता-जाता त्याला हात लावून जायचे.

समिती यायची त्या सकाळी मॅडम हुक नीट आवळायला पुन्हा वर चढल्या. हातात एक बोल्ट होता. आणि वर उभ्या असताना त्यांची नजर बोल्टच्या आट्यांवरून दोरांच्या पिळावर गेली आणि परत आट्यांवर. आपण रोज वापरतो त्या बोल्टचे आटे समोरून पाहिले तर डावीकडून उजवीकडे वर चढतात. पेशीतलं डी.एन.ए.ही सहसा तसंच चढतं. आमचं बरोबर उलटं चढत होतं. मॅडमनी सांगितलेलं घड्याळ वरून बघायचं होतं. आम्ही ते खालून बघितलं. दोघांची बाजू खरी होती आणि डी.एन.ए. चुकलं होतं. बरं, ते उलगडून पुन्हा पिळावं तर राळ कडक झालेली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी आम्हाला एवढंच ऐकू आलं की मॅडम प्राचार्यांना म्हणताहेत, "सर, मॉडेलमध्ये चूक आहे."

"कोणाच्या लक्षात येणारे, मॅडम? राहू द्या."

"माझ्या लक्षात आलीये ना."

"मग काढून टाका."

"काढलं तर मुलींनी महिनाभर काय केलं, ते कसं दिसणार?"

मग त्यांनी एक पुठ्ठा घेतला, जाड मार्करनं लिहिलं आणि शिडीच्या खालच्या टोकाला टांगला. "या मॉडेलमध्ये आमच्याकडून एक चूक झाली आहे. शोधून दाखवा." प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. "अहो, पाहणीच्या दिवशी आपणहून पायावर धोंडा पाडून घेताय!" मॅडम म्हणाल्या, "धोंडा आधीच पडलाय, सर. आता तो लपवायचा की दाखवायचा, एवढंच उरलंय." आम्ही विचारलं, चूक कुठली? त्यांनी आम्हालाही सांगितली नाही. "तुम्हीसुद्धा शोधा."

समिती आली. अध्यक्ष उंच, पांढऱ्या केसांचे, मुंबईचे. दोन सूक्ष्मदर्शकांकडे त्यांनी एक कटाक्ष टाकला, त्यात काय होतं ते आम्हाला समजलं. मग ते शिडीपाशी आले, पुठ्ठा वाचला आणि थांबले. बाकीचे दोघेही थांबले. एकानं सुतळ्या मोजल्या, दुसऱ्यानं रंग तपासले. चहा आला, तो निवला. अध्यक्ष वळून आमच्याकडे बघत म्हणाले, "तुमच्यापैकी कोण सांगेल?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण तोंड उघडायची खोड माझीच. मी पुढे झाले. "सर, मला चूक माहीत नाही. पण शोधते." आणि मी एकेक करून बोलायला लागले. ए समोर टी आहे, बरोबर. जी समोर सी, तीन सुतळ्या, बरोबर. दहा जोड्यांना एक वेढा, बरोबर. अध्यक्ष मध्येच म्हणाले, "बाण बघ. इथं चुकलंय. दोन्ही बाण एका दिशेनं हवेत."

मी पुन्हा बाणांकडे पाहिलं. समोर समितीचे अध्यक्ष. त्यांच्या एका सहीवर कर्जतचं तिसरं वर्ष आणि माझं पुढचं शिक्षण. मागे प्राचार्यांचा खोकला ऐकू आला, त्याचा अर्थ 'हो म्हण' असाच होता. मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मुद्दामच. मला माहीत होतं की बाण बरोबर आहेत. त्या दोन साखळ्या उलट दिशेनं धावतात, हे मी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "बाण बरोबर आहेत. चूक दुसरी आहे."

"नक्की?"

"बाणांचं नक्की. चुकीचं माहीत नाही."

अध्यक्ष मागे वळले. त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मग बाटलीच्या तोंडावरचे आटे डोळ्यांजवळ नेले, शिडीकडे बघितलं आणि मोठ्यानं हसले. "उलटं पिळलंय! मॅडम, तुम्ही डावखुरं डी.एन.ए. केलंय!" बाकीचे दोघे धावत आले. मग चौघंही, मॅडमसुद्धा, बाटली आणि शिडी आलटून पालटून बघत बसले. कोण समिती आणि कोण तपासणीला उभं, ते काही वेळ कुणालाच आठवत नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, "तसं डावीकडे वळणारं रूपही असतं म्हणा, पेशीत कुठं कुठं. तुम्ही तेच केलंय असं सांगून मोकळ्या होऊ शकला असता."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. "पण आम्ही ते करायला घेतलं नव्हतं. ते डावं रूप पेशीत नेमकं काय काम करतं, ते आम्हाला इथंच बसून शिकायचंय. तिसऱ्या वर्षाला."

निघताना अध्यक्षांनी प्राचार्यांना जे सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. "बाणांचं मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. या मुलीला चूक सापडली नाही. पण मी दिलेली चुकीची चूकही तिनं घेतली नाही. उपकरणं विकत आणता येतात हो."

मान्यतेचं पत्र आलं तेव्हा लावणीचे दिवस होते. मॅडम स्कूटर रस्त्यावर लावून, चपला हातात घेऊन बांधावरून आमच्या खाचरापर्यंत आल्या. बाबा गुडघाभर चिखलात, हातात रोपांची मूठ.

"दादा, तिसरं वर्ष कर्जतलाच. पोर उजेडातच घरी."

बाबांनी मोकळा हात सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "मंग आमचं काय म्हननं नाय. च्या घ्या बाई." त्यांनी हातातली मूठ मला दिली आणि स्वतः चहा सांगायला घराकडे गेले. मी मात्र त्या चिखलात उभी राहून हमसाहमशी रडले आणि मॅडमनी माझी खूप चेष्टा केली.

ती शिडी आजही प्रयोगशाळेत आहे. पुठ्ठा जीर्ण झाला की नवा लावला जातो, मजकूर तोच. दरवर्षी नव्या मुलामुलींनी चूक शोधायची, आणि ज्याला सापडेल त्यानं ती बाकीच्यांना सांगायची नाही, असा दंडक आहे. शोधणाऱ्याला मॅडमच्या घरची नारळाची सांदणं. काहीजण कुणाकडून तरी ऐकून, स्वतःच शोधल्याचं नाटक करून सांदणांवर डोळा ठेवतात, पण मॅडम लगेच ओळखतात. एका वर्षी एका मुलानं भलतीच, पण खरी चूक काढली. एका जोडीतली एक सुतळी केव्हातरी उंदरानं कुरतडून तुटली होती. मॅडमनी त्यालाही सांदणं दिली आणि सुतळी मात्र जोडली नाही. "पेशीतही असं रोज तुटतं," त्या म्हणाल्या, "आणि पेशी रोज जोडते. कशी जोडते ते समजेल तेव्हा आपण जोडू." दुसऱ्या सत्रात दुरुस्तीचा धडा झाला आणि मगच सुतळी बांधली गेली.

मॅडमच्या प्रेमळपणाविषयी किती सांगावं! करोनाच्या काळात कॉलनीतल्या लोकांनी नाकात काडी घालायची चाचणी घ्यायला नकार दिला, तेव्हा त्या सोसायटीच्या जिन्यात तोंडाला पट्टी बांधून उभ्या राहिल्या. विषाणूचं आर.एन.ए. किती थोडं असतं, चाचणीत आधी त्याचं डी.एन.ए. कसं करतात आणि त्या एकाचे दोन, दोनाचे चार असे कसे करत नेतात, ते त्यांनी किराणावाल्यालाही पटेल असं सांगितलं. "मेंदूपर्यंत जात नाही हो, माझ्याच नाकात घालून दाखवू?" म्हणाल्या आणि पहिला नंबर स्वतःचा लावला. माझ्या बाळंतपणात त्या पिशवीभर अळीव आणि एक प्रश्न घेऊन आल्या. बाळाच्या पेशीत आईच्या मायटोकॉन्ड्रियाचंच डी.एन.ए. का येतं, वडिलांचं का नाही? मी टाक्यांनी कळवळत होते आणि आम्ही दोघी त्यावर तासभर बोललो. माझी सासू म्हणाली, "ह्या बाई बघायला आल्यात का परीक्षा घ्यायला?"

या लेखाचा शेवट शंभर वर्षांच्या आयुष्याच्या शुभेच्छेनं करावा लागेल, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "शंभर? अगं, दर वेळी पेशी दुभंगते तेव्हा गुणसूत्राची टोकं जरा झिजतात. तुझ्या या शंभराबद्दल त्या टोकांशी कुणी बोललंय का?" मी म्हटलं, "मॅडम, टोकांशी तुम्हीच बोला. मला शेवटचा परिच्छेद लिहायचाय." "बरं," त्या म्हणाल्या, "पण 'निरोगी' शब्द घाल. नुसतं लांब असून उपयोग नाही."

तर मॅडम, निरोगी आणि लांब, दोन्ही. निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेचं दार तुम्हाला उघडंच आहे, कारण तिची एक किल्ली तुम्ही अजून परत केलेली नाही, हे मला ठाऊक आहे. आता मीही त्याच कॉलेजात शिकवते. यंदा पहिल्या वर्षाला कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली एक मुलगी आली आहे. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. प्रवेशाच्या दिवशी तिचे वडील दारापाशी उभे होते, आत येईनात. मी बाहेर गेले. त्यांनी फीचं विचारलं नाही, नोकरीचं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "बाई, पोर उजेडात घरी येईल ना?"

मी म्हटलं, "येईल." मॅडम, एवढा एक शब्द मला बेधडक सांगता आला, तो तुमच्यामुळे.